वापरलेली ‘अ‍ॅडव्हेंचर’ मोटारसायकल कशी निवडावी?

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक नवा वाद ऐकूं येऊं लागला आहे. नुकताच नोकरीस लागलेला, पहिले चार पगार हातीं आलेला मुलगा, आणि अलीकडे मुलगीहि, ‘अ‍ॅडव्हेंचर’ मोटारसायकलीचा हट्ट धरून बसतो. नवी घेण्याइतका पैसा नसतो, म्हणून कोणाची तरी वापरलेली घेण्याचा बेत ठरतो. आजी म्हणतात, “अरे, दारांत स्कूटर आहे ना, ती काय वाईट आहे?” वडील खर्चाचा हिशेब मांडतात, काका अपघाताच्या दोन बातम्या वाचून दाखवितात, आणि आई कांहींच बोलत नाहीं, तिचें न बोलणेंच सर्वांत जड असतें. अशा वेळीं बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर बेत मोडतो व मनांत अढी राहते. नाहीं तर मुलगा घरच्यांस न सांगतां, मित्राच्या ओळखीनें, एका संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत पाहून गाडी घेऊन येतो. हा दुसरा प्रकार अधिक वाईट. कारण ज्या खरेदींत चार डोळे अधिक हवेत, तींत असलेले दोनहि पुरते उघडे राहत नाहींत.

आमच्या मतें हा प्रश्न ‘घ्यावी कीं न घ्यावी’ असा मांडण्यापेक्षां ‘कोणती घ्यावी व कशी पारखावी’ असा मांडला, तर पुष्कळ घरांतील तंटा निम्म्यावर येईल. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: जुनी गाडी निवडतांना इंजिनाच्या मोठेपणावर भुलूं नये. आपल्याला पेलेल एवढीच, चांगल्या निगेंतली व स्वच्छ कागदपत्रांची गाडी घ्यावी. आणि हातांतल्या रकमेचा चौथा भाग गाडीच्या किंमतींत न घालतां तिच्या दुरुस्तीसाठीं व स्वाराच्या रक्षणासाठीं बाजूस ठेवावा. हेंच येथें जरा विस्तारानें सांगावयाचें आहे.

हा प्रकार काय आहे?

साध्या मोटारसायकलीपेक्षां हिची बैठक उंच असते, पोट जमिनीपासून अधिक वर असतें, पुढचें चाक मोठें असतें, आणि चाकांना वर-खालीं होण्यास अधिक वाव देणारे शॉकअप असतात. हँडल रुंद व उंच असल्यामुळें स्वार ताठ बसतो, आणि खडीचा रस्ता लागला तर पायांवर उभा राहूनहि गाडी चालवूं शकतो. डांबरी रस्त्यावर लांबचा पल्ला गांठावा, आणि डांबर संपलें तरी प्रवास संपूं नये, या हेतूनें ही गाडी बनविलेली असते.

जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें १९८० सालीं ‘आर ८० जी/एस’ ही गाडी बाजारांत आणली. तिच्या नांवांतील शेवटचीं दोन अक्षरें जर्मन भाषेंतील ‘मोकळें रान’ व ‘रस्ता’ या अर्थाच्या शब्दांचीं सूचक आहेत. पॅरिसहून आफ्रिकेंतील डाकारपर्यंतची शर्यत डिसेंबर १९७८ मध्यें सुरू झाली होती. १९८१ सालीं ती या कंपनीच्या गाडीनें जिंकली, आणि उंच मोटारसायकलीस एकदम प्रतिष्ठा आली.

तथापि या प्रतिष्ठेच्या आधींचा इतिहासहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ सालीं लंडनहून डग्लस मोटारसायकलीवर निघाला, आणि तुर्कस्थान, इराक, अफगाणिस्तान, हिंदुस्थान अशी मजल दरमजल करीत जपानपर्यंत पोहोंचला. टेड सायमन या पत्रकारानें १९७३ ते १९७७ या काळांत ५०० सी.सी.च्या ट्रायम्फवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. या दोहोंपैकीं एकाहि गाडीवर ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा शब्द लिहिलेला नव्हता. धाडस स्वाराचें असतें. यंत्रानें फक्त वाटेंत दगा देऊं नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

आधीं वाट, मग वाहन

घरांत बसून गाडीची निवड होते ती लडाखच्या चित्रांवरून. परंतु गाडी प्रत्यक्षांत चालते ती घरापासून कचेरीपर्यंत. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा कीं, वर्षाच्या बावन्न आठवड्यांत ही गाडी कोठें जाणार? पुण्याच्या तरुणाचें उदाहरण घेतलें, तर सोमवार ते शुक्रवार शहरांतील गर्दी. एखाद्या रविवारीं ताम्हिणी घाटानें माणगांव, किंवा भोरहून वरंध घाटानें महाड. दिवाळीच्या सुटींत कोंकणचा किनारा. आणि लेह किंवा स्पीति हें वर्षांतून एकदां, बहुधा आयुष्यांतून एकदां. यांपैकीं पुष्कळसा रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा आहे. जी गाडी बावन्नांपैकीं पन्नास आठवडे त्रास देईल ती उरलेल्या दोन आठवड्यांसाठीं घेणें म्हणजे वार्षिक पाहुण्यासाठीं रोजचें घर गैरसोयीचें बांधण्यासारखें आहे.

दुसरा प्रश्न शरीराचा. बैठकीची उंची व गाडीचें वजन हे दोन आकडे तरुण मंडळी अश्वशक्तीच्या आकड्याखालीं दडवितात, पण घाटांत चिखलावर पाय टेकतांना हेच दोन आकडे उपयोगी पडतात. ८०० मिलिमीटर म्हणजे साडे-एकतीस इंच. ८५५ मिलिमीटर म्हणजे तेहेतीस इंचांहून अधिक. पांच फूट चार इंच उंचीच्या स्वाराचे दोन्ही पाय पहिल्या बैठकीवरून बरेचसे टेकतात, तर दुसरीवरून चवड्यांवर तोल सांभाळावा लागतो. याची परीक्षा सोपी आहे. मऊ मातीवर किंवा जुन्या गादीवर गाडी हलकेंच आडवी ठेवावी, आणि ज्याला ती चालवावयाची आहे त्यानें ती एकट्यानें उभी करून दाखवावी. पाठ हँडलाकडे वळवून, गुडघ्यांत वांकून, पायांच्या जोरावर उचलण्याची रीत शिकून घेतली तर आपल्यापेक्षां बरीच जड गाडी उचलतां येते. रीत शिकूनहि जी उचलत नाहीं, ती आपल्यासाठीं नव्हे, असें निःशंकपणें समजावें. ही परीक्षा मालकाच्या परवानगीनें व दोघे मदतीस उभे ठेवून करावी, हें सांगणें नको.

बाजारांत काय मिळतें?

आपल्या देशांत माफक किंमतीच्या या जातीच्या गाड्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत आल्या. हीरो कंपनीची १५० सी.सी.ची ‘इम्पल्स’ २०११ सालीं आली व पुढें बंद झाली. ती आजहि कोठें कोठें विकावयास निघते. स्वस्त असली तरी तिचे सुटे भाग आपल्या गांवांत मिळतात कीं नाहीं याची चौकशी आधीं करावी.

रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’ २०१६ सालीं निघाली. ४११ सी.सी.चें शांत इंजिन, सुमारें २४ अश्वशक्ति, २१ इंची पुढचें चाक, १५ लिटरची टाकी आणि अवघी ८०० मिलिमीटर उंचीची बैठक, हे तिचे गुण. पहिल्या गाडीचें वजन १८२ किलो सांगितलें जाई. २०२० सालच्या गाडीचें १९९ किलोपर्यंत गेलें. म्हणजे पाय टेकावयास सोपी, पण पडल्यावर उचलावयास जड. २०२३ च्या अखेरीस ४५२ सी.सी.ची नवी हिमालयन आली. जुनी घेणाऱ्यानें सालाकडे नीट लक्ष द्यावें. अगदीं पहिल्या गाड्यांस कार्ब्युरेटर होता, पेट्रोलचें इंजेक्शन २०१७ पासून आलें व एबीएस २०१८ पासून. सुमारें ५,३५० मीटर उंचीच्या खारदुंग खिंडींत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तेथें प्रत्येक इंजिनाची शक्ति घटते. परंतु इंजेक्शन हवेच्या मानानें पेट्रोल कमी करतें, तर कार्ब्युरेटर पूर्वींइतकेंच सोडून इंजिन गुदमरवितो.

हीरोचीच ‘एक्सपल्स २००’ मे २०१९ मध्यें आली, आणि चार व्हॉल्व्हांची आवृत्ति २०२१ मध्यें. शक्ति साधारण अठरा अश्वांची, बैठक ८२५ मिलिमीटरच्या आसपास, परंतु वजन हिमालयनपेक्षां चाळीस-एक किलोंनीं कमी. महामार्गावर ताशीं ऐंशी-नव्वदच्या पुढें ती थकल्यासारखी होते. पण कच्च्या रस्त्यावर नवशिक्याला एवढी क्षमाशील गाडी या किंमतींत दुसरी मिळणें कठीण.

चाकण येथील बजाजच्या कारखान्यांत होणारी ‘के.टी.एम. ३९० अ‍ॅडव्हेंचर’ जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आली. ३७३ सी.सी. आणि सुमारें ४३ अश्वशक्ति, म्हणजे हिमालयनच्या दुपटीस थोडी कमी. गाडी चपळ, ब्रेक उत्तम, परंतु बैठक ८५५ मिलिमीटर, आणि देखभालीचा खर्च वरच्या पायरीचा. होसूर येथें टी.व्ही.एस. कंपनीच्या कारखान्यांत बनणारी ‘बी.एम.डब्ल्यू. जी ३१० जी.एस.’ २०१८ सालीं आली, आणि २५० सी.सी.ची ‘सुझुकी व्ही-स्ट्रॉम एस.एक्स.’ २०२२ मध्यें. या दोहोंचा ओढा खडकाळ वाटेपेक्षां लांबच्या डांबरी रस्त्याकडे अधिक आहे, आणि आमच्या बहुतेक वाचकांचा रस्ताहि तोच.

चाकांचा भेदहि समजून घेण्यासारखा आहे. हिमालयन व एक्सपल्स यांच्या चाकांना तारांचे आरे व आंत ट्यूब असते; दगडावर आपटून रिम वांकली तर ती बहुधा ठोकून सरळ करतां येते, पण पंक्चर झाल्यास चाक काढावें लागतें. जी.एस. व व्ही-स्ट्रॉम यांच्या ओतीव चाकांवर ट्यूबलेस टायर असतात. पंक्चर पांच-दहा मिनिटांत रस्त्याच्या कडेला निघतें, पण ओतीव चाक तडकलें तर बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. खडीचा रस्ता अधिक असेल त्यानें आरे पत्करावे. महामार्ग अधिक असेल त्यानें ट्यूबलेस.

गाडीची पारख

सोयरीक जुळवितांना आपण जशी नुसत्या फोटोवर भिस्त न ठेवतां घराण्याची चौकशी करतों, तशीच येथें करावी. गाडी दिवसाउजेडीं पाहावी. मालकास आधींच कळवावें कीं, आम्ही येण्यापूर्वीं गाडी सुरू करूं नका. गेल्यावर इंजिनास हात लावून तें थंड असल्याची खात्री करून घ्यावी; कारण गरम इंजिन आपले पुष्कळ दोष झांकून ठेवतें. थंड इंजिन सुरू करतांना निळसर धूर येत राहिला तर तेल जळत आहे असें समजावें. आरंभींची क्षणभर दिसणारी पांढरी वाफ मात्र दोष नव्हे. तेल पाहण्याच्या कांचेंत किंवा झांकणाच्या आंतून दुधाळ साका दिसला तर इंजिनांत पाणी गेलेलें असण्याचा संभव आहे.

या जातीच्या गाडीची खरी परीक्षा इंजिनापेक्षां सांध्यांत आहे. पुढचें चाक जमिनीवरून उचलून हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवावें. मध्यभागीं तें खांचेंत बसल्यासारखें अडकलें, तर कोनसेट झिजला आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओशटपणा असेल तर ऑइल सील गेलें. गाडीसमोर उभें राहून हँडल व चाक एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहावें. मागचें चाक धरून आडवें हलवावें. खडखड जाणवल्यास बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश संपलेले असतात. आऱ्यांवर एकेक करून किल्ली टिचकारावी. घट्ट आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द वाजतो. सारंगीच्या तारा जुळविणाऱ्याच्या कानानें ऐकलें कीं भेद कळतो. मागच्या दांतेदार चक्राचे दांते अंकुशासारखे एका बाजूस झुकले असतील, तर चेन-सेट बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा करावा. टायरच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात: ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पांच-सहा वर्षांपलीकडचें रबर कडक झालेलें असतें, आणि ओल्या घाटांत कडक रबर धरून ठेवीत नाहीं.

मग गुडघ्यांवर बसून गाडीचें पोट पाहावें. इंजिनाखालचा संरक्षक पत्रा चेपलेला असणें हें पाप नव्हे, तें त्याचें कामच आहे. परंतु त्याच्या वरच्या बाजूस, चेसिसच्या जोडांवर, तडा, नवें वेल्डिंग अथवा एकाच जागीं ताजा रंग दिसला, तर मालक कितीहि गोड बोलो, तेथून उठावें. क्लच व ब्रेक यांच्या दांड्यांचीं टोकें, हँडलाचीं टोकें व पाय ठेवण्याचे खुंट घासलेले असणें हें गाडी उभ्या-उभ्या पडल्याचें चिन्ह आहे. त्याचें भय नाहीं. हँडल जेथें अडतें तो लोखंडी अडसर वांकलेला असणें हें मात्र जोराच्या धडकेचें चिन्ह आहे. एअर फिल्टरची पेटी उघडून दाखविण्यास सांगावें. आंत गाळाची रेघ असेल तर गाडी खोल पाण्यांतून गेलेली आहे. जादा दिवे, भोंगे बसविण्यासाठीं मूळच्या वायरी कापून चिकटपट्टीनें जोडल्या असतील, तर रात्रीं भलत्या जागीं अंधार होण्याची ती तयारी समजावी.

किलोमीटरच्या आंकड्यावर फार विसंबूं नये. तो मागें फिरविणारे कारागीर प्रत्येक शहरांत असतात. आंकड्यापेक्षां सर्व्हिसच्या नोंदी बोलक्या. वेळच्या वेळीं तेल बदललेली तीस हजार किलोमीटरांची गाडी दोन वर्षें झांकून ठेवलेल्या आठ हजारांच्या गाडीपेक्षां पुष्कळदां बरी निघते. कारण नुसतें उभें राहण्यानें टाकींत गंज चढतो, रबरी सील वाळतात, व बॅटरी मरते. त्याचप्रमाणें लडाखला जाऊन आलेली म्हणून गाडी टाकूं नये, आणि जाऊन आलेली म्हणून तिला जास्त किंमतहि देऊं नये.

शेवटीं गाडी चालवून पाहावी. सरळ रस्त्यावर ती एका बाजूस ओढते काय, वरच्या गिअरमध्यें जोर दिला असतां इंजिन ओरडतें पण वेग वाढत नाहीं असें होतें काय, दुसरा गिअर आपोआप सुटतो काय, एवढें पाहिलें तरी पुष्कळ कळतें. एखादा मेकॅनिक बरोबर न्यावा. तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा, आणि गाडी घेतली न घेतली तरी त्याची मजुरी त्यास द्यावी. म्हणजे त्याची जीभ मोकळी राहते.

कागदपत्रें: येथें वडीलधाऱ्यांचें काम

यंत्र पारखण्याचा उत्साह तरुणांत असतो, कागद वाचण्याचा नसतो. हें काम घरांतील आजोबांनीं किंवा काकांनीं आपणहून अंगावर घ्यावें. आर.सी.वरील इंजिन व चेसिसचे नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशीं अक्षरशः ताडून पाहावे. विकणारा व आर.सी.वरील मालक एकच आहे कीं नाहीं तें पाहावें. ‘मित्राची आहे, सह्या करून ठेवल्या आहेत’ हें उत्तर समाधानकारक मानूं नये. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यास फॉर्म २९ व फॉर्म ३० लागतात. मूळ मालक मृत असेल तर वारसाच्या नांवें होण्यासाठीं फॉर्म ३१. गाडी परराज्यांतली असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला हवा, आणि बारा महिन्यांहून अधिक येथें ठेवावयाची तर नवी नोंदणी व येथील कर हा खर्चहि हिशेबांत धरावा. न भरलेले दंड वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर पाहतां येतात. ते विकणाऱ्याकडून आधीं फेडून घ्यावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५० व्या कलमाप्रमाणें, राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली असतां विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत मालकी बदलल्याची वर्दी द्यावयाची असते. ‘करूं सावकाश’ म्हणून हें राहून जातें. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं एका निकालांत स्पष्ट केलें कीं, नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे येते, मग गाडी मध्यें कितीहि हातांतून गेलेली असो. जुनी गाडी विकणाऱ्या आमच्या वाचकांनींहि हें ध्यानांत ठेवावें.

विम्याची एक गोष्ट एकत्र कुटुंबांनीं विशेष समजून घेण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा पांच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळें ‘विमा आहे’ असें विकणारा म्हणतो तेव्हां तो बहुधा एवढाच असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा केव्हांच संपलेला असतो. शिवाय आपल्याकडे गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नांवें घेण्याची चाल आहे. मालक-चालकासाठीं जो पंधरा लाख रुपयांचा अपघात विमा २०१८ सालीं ठरविण्यांत आला, तो ज्याच्या नांवें गाडी आहे व ज्यास परवाना आहे त्याच्यापुरता असतो. गाडी आजोबांची आणि चालविणार नातू, अशी व्यवस्था असेल तर त्या विम्याचा नातवास उपयोग नाहीं. यास्तव जो चालविणार त्याच्याच नांवें गाडी करावी. मायेपोटीं केलेली नांवाची व्यवस्था अशा वेळीं मायेच्याच माणसाला उघडी पाडते.

पैशाचा हिशेब

समजा, हातीं दीड लाख रुपये आहेत. आमच्या सांगण्याप्रमाणें चौथा भाग, म्हणजे साडे-सदतीस हजार, आधींच वेगळा काढावा, व गाडी एक लाख साडेबारा हजारांच्या आंतच पाहावी. वेगळ्या काढलेल्या रकमेंतून मालकी बदलण्याचा व विम्याचा खर्च, तेल, फिल्टर, ब्रेकचे पॅड, लागल्यास टायर अथवा चेन-सेट भागवावे. आणि त्यांतूनच, सर्वांत आधीं, आय.एस. ४१५१ चें प्रमाणचिन्ह असलेलें शिरस्त्राण, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट व कोपर-खांद्यांस गादी असलेलें जाकीट घ्यावें. शिरस्त्राण मात्र कधींहि जुनें घेऊं नये. एकदां आपटलेलें शिरस्त्राण बाहेरून धड दिसतें, पण आंतलें चेपलेलें असतें. विकणारा लोखंडी पिंजरे, पेट्या व दिवे यांची वेगळी किंमत सांगतो. त्यांची किंमत त्याला पडली होती, आपल्याला तितकी पडण्याचें कारण नाहीं.

भाव करतांना एक गोष्ट कामीं येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. म्हणून एक्सपल्स किंवा व्ही-स्ट्रॉम जुनी घेतांना विकणाऱ्यानें त्या दिवसापूर्वीं मोजलेली किंमत प्रमाण मानूं नये. तीच गाडी नवी आज काय भावानें मिळते हें विचारून मग बोलावें. नव्या-जुन्यांत फरक थोडाच राहत असेल तर चार महिने थांबून नवी घेणें शहाणपणाचें. हिमालयन व के.टी.एम. ३९० यांच्या बाबतींत मात्र उलट आहे. नवी गाडी महागल्यामुळें जुनीचा विकणारा अडून बसण्याचा संभव आहे.

आणखी एक सूचना. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पेट्रोलशीं संबंध येणारे भाग वीस टक्के इथेनॉलचें मिश्रण सोसतील असे केलेले आहेत. त्याहून जुनी गाडी घेतल्यास पेट्रोलच्या रबरी नळ्या व सील यांची तपासणी पहिल्याच सर्व्हिसला करवून घ्यावी. हा खर्च थोडका आहे, परंतु आड रस्त्यावर गळणारी नळी महाग पडते.

गाडी घरीं आल्यावर

गाडी विकत घेतल्यानें स्वार तयार होत नाहीं. पहिला महिनाभर मागें कोणास बसवूं नये, रात्रीचा प्रवास करूं नये, व घाटांत पाऊस लागला तर थांबावें, एवढे तीन नियम मुलानें आपणहून पाळावे. पुढच्या ब्रेकचा अंदाज यावा म्हणून मोकळ्या मैदानावर चार रविवार सराव करावा. एबीएस असलेली गाडी घेण्याचा आग्रह आम्ही धरतों तो यासाठींच, १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांस तें एप्रिल २०१९ पासून सक्तीचें आहे. त्याआधींच्या गाडीस एबीएस असेलच असें नाहीं, म्हणून नुसत्या सालावर न जातां प्रत्यक्ष पाहून घ्यावें. वडील मंडळींनींहि आपल्या बाजूनें एक नियम पाळावा: मुलगा बाहेर पडला कीं दर तासाला फोन करूं नये. वाजणारा फोन हाच रस्त्यावरचा सर्वांत मोठा खड्डा असतो. निघतांना वाट व मुक्काम सांगावा, पोहोंचल्यावर कळवावें, आणि मध्यें दोन्ही बाजूंनीं मौन धरावें, असा करार बरा.

अशा रीतीनें खरेदी झाली म्हणजे तिच्यांत आजोबांनीं कागद वाचलेले असतात, वडिलांनीं हिशेब जमविलेला असतो, आईनें हातमोजे निवडलेले असतात, आणि मुलानें गुडघ्यांवर बसून गाडीचें पोट तपासलेलें असतें. गाडी एकट्याची राहत नाहीं, आणि तिची काळजीहि एकट्याची राहत नाहीं. महिनाभर सराव झाला, हात बसला, कीं पहिल्या रविवारीं मागच्या बैठकीवर बसण्याचा मान ज्यानें सर्वांत अधिक विरोध केला त्यास द्यावा. कायद्याच्या १२९ व्या कलमान्वयें मागें बसणाऱ्यासहि शिरस्त्राण सक्तीचें आहे. म्हणून बाजूस ठेवलेल्या पैशांतून एक शिरस्त्राण काकांच्या मापाचेंहि आणून ठेवावें.